दोघांत एक सर्टिफिकेट

वेलोरा क्रीक, मकायजवळ
४ मे १९९८

प्रिय साल्वु,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. कुणी गेलेलं नाही. आम्ही सगळे बरे आहोत आणि तूही ब्रिस्बेनला बरा असशील, अशी आशा करते. देव तुझं भलं करो.

इकडे उसाला तुरे आलेत. यंदा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला, त्यामुळे ऊस वाढलाय भरपूर पण गोडी किती उतरेल देव जाणे, असं सगळे उसवाले म्हणताहेत. ते दरवर्षी काहीतरी म्हणतातच. मिलचा बंद हंगाम संपत आला. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाफ चढणार आणि मग नोव्हेंबरपर्यंत माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर काजळी. तुझ्या आईने लावलेलं लिंबाचं झाड अजून धरतंय. चर्चमध्ये नवीन फादर आलेत, फिलिपिन्सचे. इतकं भरभर बोलतात की मिसा संपली तरी लोक बसूनच असतात. शेजारचा आयझॅक अजून मिलच्या बॉयलरवरच आहे, रताळी देऊन जातो आणि बदल्यात माझे चीज भरलेले पास्तित्सी नेतो. त्याला अजून वाटतं की सौदा त्याच्या फायद्याचा आहे.

रेनो ठीक आहे. जेवतो, झोपतो, रेडिओवर फुटी ऐकत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. टीव्हीचा कंटाळा आलाय म्हणतो. तुझी आठवण काढतो. म्हणजे तोंडाने काढत नाही, पण परवा शेडमध्ये तुझा जुना चामड्याचा ॲप्रन सापडला तर तो त्याने टाकू दिला नाही. "राहू दे, जागा थोडीच खातोय," म्हणाला. तुम्हा भावांमध्ये यापेक्षा गोड बोलणं मी कधी ऐकलेलं नाही.

आता कामाचं लिहिते. जूनअखेर रेनोच्या वेल्ड तपासणीच्या सर्टिफिकेटची मुदत संपतेय. मागच्या खेपेला तूच सगळं केलं होतंस, तेव्हा तुला नव्याने सांगायला नको. डोळ्यांचा दाखला जोडलाय. पाच वर्षांत केलेली कामं मी टाइप करून जोडली आहेत: मिलच्या रोलरांचे शाफ्ट, दोन्ही बॉयलर, बंदरावरची क्रेन, सगळं. शेवटच्या पानावर लिहिलंय की हा माणूस सलग काम करतोय, त्याचं काम समाधानकारक आहे आणि हे मला स्वतःला माहीत आहे. त्याखाली तुझी सही हवी. रेनोला साहेब नाही, तो स्वतःच स्वतःचा साहेब, म्हणून त्याच्याहून वरच्या दर्जाच्या माणसाने त्याची हमी द्यावी लागते. असा माणूस आमच्या ओळखीत एकच आहे आणि त्याला वेल्ड तपासायला रेनोनेच शिकवलंय.

तुझी सही असली तर परीक्षा नाही. नसली तर रेनोला ब्रिस्बेनला येऊन परीक्षेच्या खोलीत बसावं लागेल, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर. लोखंडी पट्ट्या समोर ठेवतील आणि म्हणतील, शोधा यात दोष. साठीच्या माणसाला हे शोभतं का? तूच सांग.

ख्रिसमसच्या वेळचं ते भांडण मी मध्ये आणत नाही. तूही आणू नकोस. चार फिटरांसमोर तू त्याला बोलायला नको होतंस आणि त्याने तुझ्या अंगावर वेल्डला फासायच्या खळीचा डबा फेकायला नको होता. झालं ते झालं.

सोबत परतीचं पाकीट आहे, तिकीट लावलेलं. सही कर आणि टाक पोस्टात. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पण लिहिलंस तर बरं वाटेल.

तुला अजूनही पोटभर जेवू घालावंसं वाटणारी,
डॉली


वेलोरा क्रीक
१५ मे १९९८

साल्वु,

तुझं पत्र मिळालं. एक पान, त्यात सही नाही आणि दोन प्रश्न. "डोल, कामांच्या यादीत तू सगळीकडे 'आम्ही तपासलं' असं का लिहिलंयस? आणि रेनो स्वतः का लिहीत नाही?" वा रे वा. वकिली कधीपासून सुरू केलीस? माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन तू हे काम शिकलास. तुझ्या ओव्हरऑलमधले कार्बनचे डाग माझ्या हातांनी काढलेत मी. आणि आता मलाच प्रश्न विचारतोस.

पत्र दोनदा चुरगाळलं. मग सरळ करून परत वाचलं. तुझं चुकलेलं नाही, हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. म्हणून तर एवढा राग आला.

तर ऐक. आणि ऐकून झाल्यावर लगेच फोन करू नकोस. फोन मधल्या बोळात आहे आणि रेनोचे कान आता माझ्यापेक्षा तिखट झालेत.

ख्रिसमसला तू जे म्हणालास ते खरं होतं. रेनोला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. मकायच्या डॉक्टरने सांगितलं, वय झालं की काहींना होतं, औषध नाही, वाढत जाईल. रेनो म्हणाला, "बरं." बाहेर येऊन गाडीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, आणि त्यानंतर आजतागायत गाडी मी चालवते. त्यावर आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नाही.

हे सुरू कसं झालं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी त्याचा मदतनीस आला नव्हता, म्हणून बॅटरी धरायला मी मिलमध्ये गेले. रेनो शाफ्टच्या तोंडावर मशीनचा प्रोब फिरवत होता, लोखंडात आवाज सोडून आतले तडे शोधायला, आणि पडद्यावर त्याचे सुळके उठत होते.

"डॉली, तो सुळका कितीवर आहे गं?"

"कुठला?"

"अगं तोच, मधला."

"मधे तीन आहेत, रेनो."

त्याने प्रोब काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "तीन? मला नुसतं धुकं दिसतंय."

त्या दिवशी त्याने मला पडदा वाचायला शिकवलं. मला वाटलं होतं मला जमणार नाही. पण कुठली रेघ नुसती शाफ्टच्या खांद्यावरून परत येते आणि कुठली तड्यावरून, हे महिनाभरात कळायला लागलं. तेव्हापासून आमची पद्धत ठरलीय. खळ मी कालवते, वॉलपेपरची, तुला शिकवली होती तीच, रिकोटा चीजच्या रिकाम्या डब्यात. तो वेल्डवर ती फासतो आणि प्रोब फिरवतो. मी पडद्याकडे बघते. मी "थांब" म्हटलं की तो थांबतो. तो विचारतो, "किती?" मी आकडा सांगते. तो प्रोब किंचित वळवतो, "आता? सुळका पडला की तग धरून आहे?" मी सांगते, आणि मग तो सांगतो की आत काय आहे. आत्तापर्यंत ज्या ज्या जागी तो म्हणाला तडा, तिथे घासून काढल्यावर तडाच निघाला. हात आणि डोकं त्याचं, डोळे तेवढे माझे. मिलमधल्या लोकांना वाटतं मी नवऱ्यावर नजर ठेवायला जाते. आयझॅक तर बॉयलरच्या मजल्यावरून सगळ्यांसमोर ओरडला होता, "काय गं डॉली, तुझ्या म्हाताऱ्याचं या बॉयलरशी लफडं आहे की काय?" मी म्हटलं, "असू दे बाबा, ती माझ्यासारखी बोलत तरी नाही." सगळे हसले. रेनोही हसला.

आणि डोळ्यांचा दाखला? तोही सांगते, तू विचारायच्या आधी. बारीक अक्षरांचं ते वाचायचं कार्ड चष्म्याच्या दुकानात कित्येक वर्षं तेच आहे. रेनोला ते तोंडपाठ आहे, जपमाळेसारखं. यंदा काउंटरवर नवीन मुलगी होती, तिने कार्ड धरलं तेव्हा खालची ओळ तिच्या अंगठ्याखाली झाकली गेली होती. आमच्या पठ्ठ्याने ती झाकलेली ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवली. मुलीच्या लक्षात आलं नाही. मी बाहेर येऊन गाडीत हसत सुटले, तोही हसला.

म्हणून तो परीक्षेला बसू शकत नाही. त्या खोलीत मला त्याच्या शेजारी कोण बसू देणार?

साल्वु, मी तुझ्या पाया पडते. मी आयुष्यात कुणाच्या पाया पडलेले नाही, तुझ्या आईच्याही नाही आणि ती त्यासाठी टपून बसलेली असायची. सही कर. त्याचं ते सर्टिफिकेट गेलं तर हा माणूस काय करेल? त्याला दुसरं काही येत नाही. मासे धरता येत नाहीत, पत्ते खेळता येत नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा मारता येत नाहीत. मागच्या आठवड्यात बशा पुसता पुसता म्हणाला, "मिलने मला फाटकाशी अडवलं ना डॉली, तर मी घरी नाही येणार." मी विचारलं, कुठे जाशील? तर म्हणाला, "क्रीकचं पाणी जवळच आहे." मग म्हणाला, थट्टा केली. मी शेडमधला दोर काढून आयझॅककडे ठेवायला दिलाय, रताळ्याच्या वेलाला होईल असं सांगून. असं माझं चाललंय.

तुझ्या नियमात दोघांना मिळून एक सर्टिफिकेट नसतं, मला माहीत आहे. पण आम्ही दोघं मिळून एक चांगला, धडधाकट परीक्षक आहोत. आमच्या हातून एकही सांधा चुकीचा सुटलेला नाही. मार्चमध्ये माझं पित्ताशय काढलं, तो इस्पितळातला आठवडा सोडला तर मी कायम त्याच्या शेजारी होते. शपथेवर सांगते. काम समाधानकारक आहे, एवढंच तर त्या पानावर लिहिलंय. ते आहेच.

सही कर रे. मी दुसरं काही मागत नाही.

डॉली


वेलोरा क्रीक
२८ मे १९९८

माझ्या साल्वु,

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. तुझी सही बघितली आणि पोस्टमनसमोरच रडले. तो बिचारा विचारतो, "वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही, चांगली आहे," आणि आणखी रडले.

ते पान सोबत परत पाठवतेय. मधून फाडलंय. तू फाडलं असतंस तर मी तुला जन्मभर माफ केलं नसतं, म्हणून मीच फाडलं.

सहीबरोबर तू एक ओळ लिहिली होतीस: "डोल, तू शपथ घेतलीस म्हणून सही करतोय, पण पोस्टात टाकायच्या आधी त्याला विचार, तू इस्पितळात होतीस त्या आठवड्यात त्याने काय तपासलं." मला तुझा संतापच आला. मुळात मी ते वाक्य तुला लिहिलं कशाला? माझ्याच मनात ते कुसळासारखं होतं, म्हणून लिहिलं गेलं. मार्चपासून मी त्याला तो प्रश्न विचारला नव्हता. विचारायचा नव्हता म्हणून विचारला नव्हता.

रविवारी त्याच्या आवडीचा, मॅकरोनी भरून भाजलेला तिंपाना केला होता. त्याचं पोट भरू दिलं आणि मग विचारलं.

"मी मकायच्या इस्पितळात होते तेव्हा तू काय काम केलंस रे?"

"काय करणार? डब्यातलं सूप पिऊन तुझी वाट बघत होतो."

"मिलमध्ये गेला नाहीस?"

"गेलो की. आयझॅकने सोडलं गाडीने. दोन नंबरच्या बॉयलरचा तो वाफेचा मोठा नळ होता ना, त्याचे सांधे उरकून टाकले. हॅलोरन मागे लागला होता." हॅलोरन म्हणजे मिलचे नवे इंजिनिअर. तू त्यांना भेटलेला नाहीस.

"पडद्याकडे कोण बघत होतं?"

"मी."

"रेनो."

"मशीनचा भोंगा लावला होता गं. सुळका वर आला की भोंगा वाजतो. एकदाही वाजला नाही. सगळे सांधे स्वच्छ. तुला काय वाटतं, तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही?" आणि हसला. साल्वु, तो खूश होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने एकट्याने काम केलं होतं आणि त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

तुला मी काय सांगणार की भोंगा कधी वाजतो. पडद्यावर त्याची खिडकी लावावी लागते, नेमक्या जागी, आणि त्या खिडकीत सुळका आला तरच तो वाजतो. ती खिडकी लावायला पडदा दिसावा लागतो. याने ती सवयीने लावली होती, बटणांचे वळसे मनात मोजून.

मी बशा उचलल्या नाहीत. शेडमध्ये गेले आणि सरावाच्या पट्ट्यांच्या खोक्यातून अगदी तळाची एक पट्टी आणली, त्याने वर्षानुवर्षं हाताळलेली नसेल अशी. दोष कुठे आहे ते मागच्या बाजूला रंगाने लिहिलं होतं. टेबलावर ठेवली, मशीन ठेवलं.

"हे काय?"

"मार्चमध्ये लावलं होतंस तसं लाव. भोंग्यासकट. आणि बघ."

"परीक्षा घेतेस माझी?"

"हो."

त्याने लावलं. मी मांडीवर हात ठेवून बसले. त्याने प्रोब सरकवायला सुरुवात केली. किती सुंदर हात आहे त्याचा, तुला ठाऊक आहे, एवढासाही थरथरत नाही. दोष होता तिथे प्रोब आला आणि पडद्यावर सुळका उभा राहिला, मिलच्या चिमणीएवढा. खिडकीच्या बाहेर, बोटभर अलीकडे. भोंगा गप्प. "थांब" हा शब्द माझ्या जिभेवर होता, सवयीचा. मी तो गिळला. रेनो त्या जागेवरून पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला.

"स्वच्छ," म्हणाला.

"परत बघ."

"स्वच्छ आहे म्हटलं ना. का? तुला काही दिसलं का?"

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्यावरून त्याला कळलं. त्याने प्रोब खाली ठेवला आणि हाताचा तळवा त्या पट्टीवर ठेवून बसून राहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"खिडकीच्या किती बाहेर होता?"

"बोटभर."

मग तो म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. त्या नळाला इतक्या वर्षांत काही झालेलं नाही. गाळप होऊन जाऊ दे. पुढच्या बंद हंगामात तू आणि मी मिळून परत बघू."

"आणि मध्येच काही झालं तर? खाली आयझॅक असतो, रेनो. आणि दुसऱ्या पाळीला त्याच्या जागी ती हँकॉकची मुलगी."

"म्हणजे मी आयझॅकला मारायला निघालोय?"

"मी असं म्हटलं नाही."

"तू तेच म्हटलंस."

मग तो उठून लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. मी तिंपाना कोंबड्यांना घातला.

सोमवारी काही केलं नाही. मंगळवारीही नाही. तुझं सहीचं पान टेबलावर होतं, वर मिठाची बाटली ठेवलेली. तू म्हणशील दोन दिवस कशाला लागले? मला लागले. मी मनाशी हिशेब मांडत बसले: नळ चांगला असेलच, शंभरात नव्याण्णव वेळा असतोच, मग मी कशाला हात घालू? मंगळवारी संध्याकाळी आयझॅक रताळी घेऊन दारात आला. म्हणाला, "सोमवारी वाफ चढवतोय डॉली, मिलचा पहिला भोंगा तुझ्या नावाने वाजवतो." मी त्याला पास्तित्सी द्यायला विसरले. तो गेल्यावर ते पान फाडलं.

बुधवारी मी एकटीच गाडी घेऊन मिलमध्ये गेले. हॅलोरन चांगला माणूस आहे, तरुण आहे. मला बघून म्हणाले, "रेनो कुठेय?"

"मी आलेय. दोन नंबरच्या बॉयलरच्या नळावर वाफ चढवू नका. मार्चमधली तपासणी धरू नका. ती झालेली नाही."

"कोण म्हणतं? रेनो?"

"नाही. मी म्हणते."

"डॉली, राग मानू नका, पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"तीन वर्षं पडदा मीच वाचतेय. रेनोला दिसत नाही. त्या आठवड्यात मी नव्हते."

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. अगदी सावकाश म्हणाले, "म्हणजे तीन वर्षांचं सगळंच."

"नाही, नाही," मी म्हटलं, "तो एकच नळ. बाकीचं सगळं आम्ही दोघांनी..." आणि तोंड उघडं असतानाच मला कळलं. साल्वु, मी इतकी मूर्ख कशी? मी एक सांधा सोडवायला गेले होते आणि सगळी शिवण उसवली. माझ्या डोळ्यांना सर्टिफिकेट नाही. मी जे बघितलं ते कुणीच बघितलेलं नाही, असा त्याचा अर्थ. शाफ्ट, बॉयलर, बंदरावरची क्रेन, सगळं परत. हॅलोरननी माझ्यासमोरच टाउन्सव्हिलच्या तपासणीवाल्यांना फोन लावला, मग बंदराला. उसवाल्यांना कळवायला लागेल म्हणाले, गाळप लांबणार. मला पाणी दिलं त्यांनी. निघताना म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." मला त्या माणसाला थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी आल्यावर रेनोला सांगितलं. उभ्यानेच, ओट्याशी. कडेने बघितलं की त्याला माझा चेहरा बराचसा दिसतो, म्हणून इतकी वर्षं तो माझ्याशी बोलताना मान थोडी वळवतो. काल त्याने मान वळवली नाही. सरळ माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी दिसू नये म्हणून.

त्यानंतर तो बोललेला नाही. जेवतोय, ही देवाची कृपा. आयझॅकने कुठून ऐकलं माहीत नाही, तो आज कुंपणापर्यंत आला आणि तसाच परत गेला.

तुझ्याबद्दलही लिहायला हवं. खोटं आहे हे ठाऊक असताना तू त्या पानावर सही केलीस, आणि ती मी तुझ्याकडून करवून घेतली, दोर आणि क्रीक सांगून. ते दोन्ही खरं होतं, पण मी ते तुझ्या मानेवर ठेवण्यासाठी लिहिलं. फाडलेलं पान तू जाळून टाक. तुझं नाव मी कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही.

नळ तपासायला तू येऊ नकोस. ती माणसं टाउन्सव्हिलहून उद्या येताहेत. तू रेनोसाठी ये. माझ्याशी तो बोलणार नाही, पण तुझ्याशी भांडेल तरी. त्याला शिव्या देऊ दे, डबा फेकू दे अंगावर. मला त्याचा आवाज ऐकायचाय.

आज दुपारी चर्चमध्ये जाऊन आले. कुणी नव्हतं. गुडघे टेकले आणि काय मागावं ते सुचेना. उद्या त्या नळात तडा निघाला तर साऱ्या गावाला कळेल की माझा नवरा त्याच्या शेजाऱ्याला उकळत्या वाफेखाली उभा करून घरी आला होता. आणि नाही निघाला, तर एका चांगल्या नळापायी मी त्याला जिवंतपणी पुरलं. तोंडाने मी म्हणत होते, नळ धड निघू दे, नळ धड निघू दे. आणि आतून मला तडा हवा होता, साल्वु. मी बरोबर ठरावं म्हणून. देवासमोर बसून मी माझ्या माणसासाठी ते मागत होते.

तू ये. आणि येण्याआधी वाटेत कुठे चर्च लागलं तर माझ्याऐवजी तू माग, मला आता माझ्यावर विश्वास नाही.

अजून तरी रेनोची,
डोलोरस